स्टिलवॉटरला शिक्षा, लॉरेन्सला करंडक

आमच्या मराठी मंडळात व्याख्यान झाले, त्या दिवशी मी गप्प बसलो. दिवाळीचा फराळ नुकताच झाला होता, मुले हॉलच्या मागे दंगा करत होती, आणि मंडळाच्या कार्यक्रमात भांडण उकरून काढणे बरे दिसत नाही. पण तेच व्याख्यान पुढे लेख होऊन छापून आले. तो लेख वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

विषय अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा आहे. शाळेत चमकणारा खेळाडू आपल्याच विद्यापीठात यावा म्हणून प्रशिक्षक, धनवान पाठीराखे आणि बूट-कंपन्यांची माणसे जी धडपड करतात, तिला इथे रिक्रूटिंग म्हणतात. मुलाला कधी फोन करायचा, त्याच्या घरी किती वेळा जायचे, तो विद्यापीठ बघायला आला की त्याच्यावर किती खर्च करायचा, याचे नियम एनसीएए ही संघटना करते. नियम मोडला तर तपास तीच करते आणि शिक्षाही तीच ठोठावते. इथल्या मराठी माणसाला हा विषय आता परका राहिलेला नाही. आपली मुले याच विद्यापीठांत शिकतात, याच स्टेडियमांत घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि टेनिस, पोहणे, गोल्फ यांत त्यांतली काही स्वतः उतरतातही. खेळाडूने विद्यापीठ बघायला जाण्यासाठीचा ‘ऑफिशियल व्हिजिट’ हा शब्द काही मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर सहज बोलला जातो. अशा वेळी या विषयावर कोणी चुकीचे आणि तेही ठासून सांगत असेल, तर त्याला उत्तर दिले पाहिजे.

लेखकमहाशयांचे म्हणणे थोडक्यात असे. नियम सर्वांना सारखे आहेत आणि विद्यापीठे आपखुशीने संघटनेची सभासद झाली आहेत, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. फायदा विद्यापीठाला झाला, म्हणून शिक्षा विद्यापीठालाच व्हावी. तीत चार निरपराध मुले भरडली गेली, तर ती जरब बसवण्याची किंमत समजावी. संघटनेला पोलिसांचे अधिकार नाहीत, म्हणून निकालांत थोडे डावे-उजवे होणारच. २०२१ पासून खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागले, त्यामुळे हा वादही आता शिळा झाला. आणि शेवटचा टोला: अन्यायाची ओरड नेहमी पकडले गेलेलेच करतात.

हा शेवटचा टोलाच आधी घेतो, कारण राग त्याचाच आला. मी जे प्रकरण मांडणार आहे, त्यात पकडला गेलेला माणूस तुरुंगात जाऊन आला होता. त्याने ओरड केली नाही. ओरड केली ती अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी त्यांच्या प्रशिक्षकाने, आणि त्या मुलांवर कोणताही आरोप नव्हता.

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधल्या फेडरल सरकारी वकिलांनी कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीचे प्रकरण जाहीर केले. एफबीआयने दहा जणांना पकडले होते. त्यांत आदिदासचा एक वरिष्ठ अधिकारी होता आणि चार विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते. या चौघांपैकी एक लॅमॉन्ट इव्हान्स, स्टिलवॉटर इथल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा. पुढे व्यावसायिक होणाऱ्या खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागारांकडे वळवण्यासाठी तो पैसे घेत होता. विद्यापीठाने त्याला तातडीने काढून टाकले. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये त्याला तीन महिन्यांची कैद झाली. इथपर्यंत सगळे रीतसर झाले. ज्याने पैसे घेतले तो सापडला, त्याची नोकरी गेली आणि तो तुरुंगात गेला.

मग संघटना आली. विद्यापीठाने तपासाला सहकार्य केले होते, काहीही दडवले नव्हते. तरी जून २०२० मध्ये निकाल लागला: एका हंगामाची हंगामोत्तर बंदी. म्हणजे आपल्या परिषदेची (विद्यापीठांच्या ठरलेल्या गटाची) स्पर्धा नाही आणि मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धाही नाही. विद्यापीठाने अपील केले. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये, नवा हंगाम सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरला असताना, फेटाळले गेले. प्रशिक्षक माइक बॉयन्टन यांनी पत्रकारांसमोर आपला संताप लपवला नाही. ज्या मुलांना आता ही बातमी द्यायची होती, त्यांतली बहुतेक २०१७ साली शाळेत शिकत होती. इव्हान्सच्या हाताखाली ती कधी खेळलीच नव्हती.

आता त्याच परिषदेतले दुसरे विद्यापीठ बघा. लॉरेन्सचे कॅन्सस विद्यापीठ. कॅन्ससच्या खेळाडूंच्या घरच्यांना पैसे दिल्याचे आदिदासशी संबंधित एका माणसाने २०१८ मध्ये न्यायालयात शपथेवर सांगितले. हे तर थेट रिक्रूटिंगचे प्रकरण होते, संघटनेच्या नियमावलीचे अगदी काळीज. सप्टेंबर २०१९ मध्ये संघटनेने कॅन्ससवर सर्वांत गंभीर पायरीचे पाच आरोप ठेवले. कॅन्ससने ते नाकारले आणि प्रत्येक टप्प्यावर लढा दिला. आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही असेल. प्रकरण संघटनेने नव्याने उभ्या केलेल्या एका स्वतंत्र मंडळाकडे गेले आणि तिथे वर्षांमागून वर्षे गेली.

त्या वर्षांत काय झाले? ४ एप्रिल २०२२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्ससने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, ७२–६९ असे. स्टिलवॉटरची मुले तेव्हा स्पर्धेबाहेर होती. कॅन्ससचा निकाल लागला तो ११ ऑक्टोबर २०२३ रोजी. बहुतेक आरोप सौम्य ठरले, २०१८ च्या हंगामातले काही विजय कागदावरून पुसले गेले, तीन वर्षांचे प्रोबेशन लागले. हंगामोत्तर बंदी नाही.

माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. कॅन्ससच्या २०२२ च्या मुलांना स्पर्धेबाहेर ठेवायला हवे होते, असे मी म्हणत नाही. त्यांनीही काही केले नव्हते. मी एवढेच विचारतो की कॅन्ससच्या मुलांना जो न्याय लागू झाला, तो स्टिलवॉटरच्या मुलांना का झाला नाही? एकाने चूक मान्य केली, माणूस काढला, कागद दाखवले, आणि त्याच्या मुलांचा हंगाम गेला. दुसऱ्याने आरोप नाकारले, वेळ घेतला, आणि त्याच्या मुलांनी करंडक उचलला. यातून देशभरच्या विद्यापीठांनी काय धडा घेतला असेल? खरे बोलू नका, वकील करा. लेखकमहाशय जिला जरब म्हणतात, तिने शिकवलेला धडा हा आहे.

आणि त्या अंतिम सामन्यातला हरलेला संघ कोणता होता? नॉर्थ कॅरोलिना. या विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे नावापुरते वर्ग चालले. तास होत नसत, शिक्षक भेटत नसत, एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. २०१४ च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. शाळकरी मुलाच्या आईवडिलांना प्रशिक्षक जे वचन देतो त्यात पहिले वचन शिक्षणाचे असते. इथे तेच वचन अठरा वर्षे पोकळ निघाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये संघटनेच्या समितीने निर्णय दिला की हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाडूंना खास सवलत दिली असे म्हणता येत नाही आणि नियमभंग सिद्ध होत नाही. स्टिलवॉटरच्या एका सहायकाने खिशात घातलेल्या पैशांसाठी एक हंगाम जातो. अठरा वर्षांच्या खोट्या शिक्षणासाठी एक सामनाही जात नाही. नियम सर्वांना सारखे आहेत हे वाक्य छापण्यापूर्वी लेखकमहाशयांनी ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवी होती.

निरपराधांना भरडण्याची ही सवय नवी नाही. लॉस एंजलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फुटबॉलपटू रेजी बुश याच्या घरच्यांना पुढे एजंट होऊ पाहणाऱ्या माणसांकडून लाभ मिळाले, तो काळ २००४-०५ चा. बुश २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. शिक्षा झाली जून २०१० मध्ये: दोन वर्षे हंगामोत्तर सामने बंद आणि तीन वर्षांत तीस शिष्यवृत्त्यांची कपात. संघाचे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल त्याआधी पाच महिने, जानेवारीत, सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. त्यांच्यावर व्यक्तिशः ठपका नव्हता, पण संघ त्यांचा होता. आणि पुढे २०१४ मध्ये त्यांच्या सिअ‍ॅटलने सुपर बोल जिंकला. लॉस एंजलिसमध्ये मागे राहिली ती २०१० ची नवी मुले. बुशच्या घरच्यांनी लाभ घेतले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बुशने परत केलेली, सर्वोत्तम कॉलेज-फुटबॉलपटूची हाइसमन ट्रॉफी एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा देण्यात आली. त्या तीस शिष्यवृत्त्या कोणालाही परत मिळाल्या नाहीत. त्या कोणत्या मुलांना मिळायच्या होत्या, हे कधी कळणारही नाही.

ओहायो स्टेटचे तसेच. काही खेळाडूंनी आपली पदके आणि स्मृतिचिन्हे विकली, बदल्यात गोंदवून घेतले. डिसेंबर २०१० मध्ये पाच जणांवर निलंबनाची कारवाई झाली, पण ती पुढच्या हंगामापासून. जानेवारीतला मोठा शुगर बोल सामना त्यांना खेळू दिला गेला. त्या सामन्याच्या तिकिटांवर आणि प्रक्षेपणावर पैसा उभा होता. बंदी आली ती २०१२ च्या संघावर. त्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले आणि पुढे खेळायला त्याला जागाच नव्हती. त्याच २०१० च्या डिसेंबरमध्ये ऑबर्नच्या कॅम न्यूटनला, त्याच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पैसे मागितल्याचे समोर येऊनही, अपात्र ठरवल्यानंतर एका दिवसात पुन्हा पात्र ठरवले गेले, कारण मुलाला हे ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. मला तो निर्णय योग्य वाटतो. बापाच्या कृत्यासाठी मुलाला शिक्षा नको. पण मग प्रशिक्षकाच्या कृत्यासाठी पाच वर्षांनी आलेल्या मुलाला शिक्षा का?

आणि सर्वांत कठोर शिक्षेचे उदाहरण डॅलसचे. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी १९८५-८६ मध्ये तेरा फुटबॉलपटूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर दिले होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये संघटनेने त्यांचा १९८७ चा हंगामच रद्द केला. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतः सोडला. खेळाडू पांगले; इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक त्यांना उचलायला डॅलसमध्ये येऊन थडकले. तो संघ पुन्हा हंगामोत्तर सामन्यापर्यंत पोहोचायला २००९ साल उजाडले. आणि हे पैसे चालू ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला होता? विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या वरच्या वर्तुळाने. त्या मंडळाचे अध्यक्ष राहिलेले बिल क्लेमेंट्स यांनी मार्च १९८७ मध्ये ते स्वतः कबूल केले. तेव्हा ते टेक्सासचे गव्हर्नर होते, आणि १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो; तिचा याहून धडधडीत दाखला मला सापडलेला नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण लेखकमहाशयांच्या लेखात एक जुना सूर आहे आणि तो मला ओळखीचा आहे. नियमच सदोष आहेत असे वाटत असेल तर आधी नियम बदलून घ्या, अंमलबजावणीला कशाला झोडपता, असा तो सूर. आधी हे की आधी ते, हा वाद मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी घालून झालेला आहे. आधी सामाजिक की आधी राजकीय, या प्रश्नावर आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्यातून मला कळलेली गोष्ट एवढीच, की ‘आधी ते’ असे सांगणाऱ्याला बहुधा ‘हे’ नकोच असते. ज्या मुलाचा हंगाम या नोव्हेंबरात जाणार आहे, त्याला नियमावली सुधारेपर्यंत थांब असे सांगता येत नाही. कॉलेजची चार वर्षे संपली की संपली.

दुसरा जुना वाद हौशीपणाचा. वीस वर्षांपूर्वी कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी आम्ही त्यावर तावातावाने बोलत असू. शिष्यवृत्ती मिळते, राहायला-खायला मिळते, आणखी काय हवे, असे मी तेव्हा म्हणत असे. मी चुकत होतो. समोरच्या सहकाऱ्याने एकदा विचारले, की त्या मुलाचा क्रमांक छापलेला सदरा विद्यापीठ दुकानात विकते, आणि त्याच मुलाला कोणी जेवण दिले तर तो गुन्हा होतो, हे तुला पटते का? मला उत्तर देता आले नाही. २०१४ पर्यंत शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला विद्यापीठाने हवे तेवढे जेवण देणेसुद्धा नियमात बसत नव्हते, हे आठवले की मला माझ्या त्या वेळच्या ठामपणाचे वाईट वाटते. जे नियम मोडल्याबद्दल माणसे बदनाम झाली, त्यांतले किती नियम नंतर निमूटपणे काढून टाकले गेले! बास्केटबॉल प्रशिक्षक केल्विन सॅम्प्सन यांच्यावर ओक्लाहोमा विद्यापीठात ५७७ अवैध फोनचा ठपका आला, इंडियानात पुन्हा फोनचेच प्रकरण झाले, आणि २००८ मध्ये त्यांना पाच वर्षे कॉलेज-खेळापासून जवळजवळ बाहेर बसवले गेले. २०१२ मध्ये पुरुष बास्केटबॉलमध्ये शाळकरी खेळाडूंना हवे तितके फोन आणि संदेश करण्याची मुभा मिळाली. नियम होता तोवर तो पाळायला हवा होता, हे मी मान्य करतो. पण चार वर्षांत जो नियम निरुपयोगी ठरतो, त्याच्यापोटी केलेली शिक्षा योग्यच होती, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने थोडे थांबावे.

आता उरलेले मुद्दे. ते लवकर संपतील.

सभासदत्व आपखुशीचे आहे म्हणे. १९८८ मध्ये बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की ही संघटना सरकारचा भाग नाही, म्हणून राज्यघटनेतली योग्य प्रक्रियेची हमी तिच्यावर बंधनकारक नाही. कायदा म्हणून ते मान्य. पण मोठ्या स्पर्धा, दूरचित्रवाणी आणि व्यावसायिक खेळाचा रस्ता ज्या एकाच दारातून जातो, त्या दारातून आत जाण्याला आपखुशी म्हणणे हा शब्दाचा छळ आहे. आणि विद्यापीठ आपखुशीने आले असेल. अठरा वर्षांच्या मुलाला कोणी विचारले होते?

संघटनेला पोलिसांचे अधिकार नाहीत म्हणे. नाहीत हे खरे. त्या उणिवेवर तिने काय उपाय काढला ते मायामी विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. तुरुंगात गेलेल्या एका फसवणूकदाराच्या दिवाळखोरीच्या खटल्यातल्या वकिलाकरवी संघटनेच्या माणसांनी आपले प्रश्न शपथेवर विचारून घेतले. २०१३ मध्ये संघटनेला हे चुकल्याचे जाहीर करावे लागले आणि अंमलबजावणी विभागाच्या प्रमुखांना जावे लागले. कमतरता तिथे अधिकारांची नव्हती.

वाद शिळा झाला म्हणे. तो नवा होऊन आला आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतात. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना त्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची परवानगी मिळाली. त्याचबरोबर कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी यंत्रणा उभी राहिली. बाहेरच्यांनी खेळाडूशी केलेला ६०० डॉलरहून मोठा करार खरा जाहिरातीचा आहे की भरतीची लाच आहे, हे ती तपासणार. म्हणजे नियम आले, मोडणारे येतील, आणि शिक्षा कोणाला हा प्रश्न पुन्हा दाराशी उभा राहील. ज्या घराला नवे छप्पर घातले आहे पण पाया तसाच ठेवला आहे, त्याला नवे घर म्हणता येत नाही.

खंडन झाले. आता मंडन केले पाहिजे. नुसते पाडून निघून जाणे मला मान्य नाही.

माझा पहिला आग्रह असा, की शिक्षा माणसाला व्हावी. ती अशक्य नाही. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या प्रवेश-घोटाळ्यात श्रीमंत आईबापांनी आपल्या मुलांना खोटेच खेळाडू म्हणून दाखवून प्रशिक्षकांच्या कोट्यातून प्रवेश मिळवले होते. तिथे कारवाई पैसे देणाऱ्यांवर, घेणाऱ्यांवर आणि मधल्या दलालावर झाली. दलाल रिक सिंगर याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. तो फौजदारी कायदा होता आणि संघटना कोणाला तुरुंगात पाठवू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोषी व्यक्ती हुडकता येते, हे त्यातून दिसतेच. संघटनेच्या हाती ‘शो-कॉज’ आदेश आहे: अमुक प्रशिक्षकाला ठेवणाऱ्या विद्यापीठाने कारणे दाखवावीत. मात्र तो आदेश व्यावसायिक संघांना लागू नाही. मिशिगन विद्यापीठाचे माजी फुटबॉल प्रशिक्षक जिम हारबॉ यांना ऑगस्ट २०२५ मध्ये दहा वर्षांचा असा आदेश मिळाला, तेव्हा ते दीड वर्षापासून लॉस एंजलिसच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. म्हणून उपाय करारात हवा. गंभीर नियमभंग सिद्ध झाला तर त्या काळातले बोनस परत करावे लागतील, हे कलम सर्व विद्यापीठांच्या सर्व मुख्य प्रशिक्षकांच्या आणि खेळ-संचालकांच्या करारात सक्तीचे असावे. माणूस दुसरीकडे गेला तरी कलम त्याच्या मागे जाईल.

दुसरा आग्रह मुदतीचा. आरोपपत्र दिल्यापासून एका वर्षात निकाल. चार वर्षांनी लागलेला निकाल दुसऱ्याच मुलांवर पडतो.

तिसरा, तपास करणारे आणि निकाल देणारे यांचा एकमेकांशी संबंध नसावा, आणि निकाल देणारे सभासद विद्यापीठांच्या पगारावर नसावेत. नवी यंत्रणा याची पूर्ण खात्री देत नाही तोवर तिच्यावर विश्वास ठेवायला कोणी सांगू नये.

चौथा, जे विद्यापीठ स्वतः पुढे होऊन सांगते आणि सहकार्य करते, त्याची शिक्षा कमी होईल, हे आधीच छापलेले असावे. मग स्टिलवॉटर पुन्हा होणार नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की संघटना थोडी बदलली आहे. २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये दोनशेहून अधिक नियमभंग सिद्ध झाले, बहुतेक रिक्रूटिंगचे; तेव्हा मुलांवर बंदी न घालता विद्यापीठाला ८० लाख डॉलरचा दंड झाला. मिशिगनच्या निकालातही समितीने मान्य केले की हंगामोत्तर बंदी घातली असती तर तिचा भार आताच्या निरपराध खेळाडूंवर पडला असता, आणि तिच्याऐवजी मोठा दंड केला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण दंड विद्यापीठाच्या तिजोरीतून जातो. ज्या माणसाने गैर केले त्याच्या खिशातून जात नाही. मुलांवरचा अन्याय थांबला, हे अर्धे काम झाले. दोषी अजून मोकळाच आहे.

वाचकांना, विशेषतः ज्यांची मुले-मुली इथे खेळतात त्या आईबापांना, एक विनंती. प्रशिक्षक घरी येईल, सोफ्यावर बसून गोड बोलेल, तुमच्या मुलीला ती किती गुणी आहे हे सांगेल. त्याला शिष्यवृत्तीबद्दल विचारा, अभ्यासाबद्दल विचारा, आणि एक प्रश्न आणखी विचारा: तुमच्या हाताखाली काही गैर घडले आणि तुम्ही दुसरीकडे निघून गेलात, तर इथे उरलेल्या माझ्या मुलीच्या हंगामाचे काय? तो काय उत्तर देतो ते लिहून ठेवा.

आणि लेखकमहाशयांना उत्तर एवढेच. जरब बसवण्याची किंमत म्हणून तुम्ही ज्यांचा एका ओळीत उल्लेख केलात, ती मुले मार्च २०२२ मध्ये घरी बसून होती. त्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. ज्या व्यवस्थेत हे होऊ शकते, तिला शिस्त म्हणा, सोय म्हणा. न्याय म्हणू नका.